भेंडीच्या शिक्क्याचा कोरा कागद

शक्य असल्यास उभं राहून आणि चहाचा कप खाली ठेवून ऐकावी, अशी एक अत्यंत गंभीर घोषणा मी करतो आहे: माझ्या ताब्यात एक कोरा कागद आहे. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतल्या तमाम नागरिकांनी याची नोंद घ्यावी. उद्या माझ्या घराला आग लागली, तर बाकी काही वाचवण्याची घाई करू नये. बायको स्वतःचं स्वतः बघेल. ती माझ्यापेक्षा जोरात पळते. आधी कपाटावरचा पत्र्याचा डबा उचलावा. कागद त्यात आहे.

डबा वनस्पती तुपाचा. माझं बालपण अमळनेरला गेलं आणि तिथे त्या काळी घरोघर असे डबे असत. कुणी त्यात तांदूळ भरी, कुणी तुळस लावी. मी त्यात माझी शाळा भरून ठेवली आहे. एक पाय गेलेलं कर्कटक. अर्धा पुसलेला शाळेचा बिल्ला. दहावीच्या वर्गाचा फोटो, ज्यात साठांपैकी एकोणसाठ जणांचे डोळे उघडे आहेत. खडूचा एक तुकडा; तो गणिताच्या सरांनी नेम धरून मला मारला होता आणि मी तो एका हातानं झेलला होता. या झेलाची शाळेच्या इतिहासात कुणी दखल घेतली नाही, म्हणून पुरावा मलाच जपावा लागला. आणि तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, तो कागद.

अगदीच कोरा आहे असंही नाही. वर काळ्या शाईत, बोरूच्या वळणदार अक्षरांत ‘प्रशस्तिपत्र’ असं लिहिलेलं आहे. खाली उजव्या कोपऱ्यात सही. सहीशेजारी गेरूच्या रंगात पाच पाकळ्यांच्या फुलासारखा शिक्का. मधे मात्र काही नाही. ना नाव, ना कशाबद्दल.

शिक्का भेंडीचा आहे. भाजीच्या भेंडीचा.

आता तो ज्यांनी मारला त्या माणसाबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, आणि तुम्हालाही मी जाऊ देणार नाही.

ते आमचे चित्रकलेचे सर. नाव लिहीत नाही. एक तर त्यांना ते आवडणार नाही, आणि दुसरं म्हणजे त्यांची सही पाहून ते कुणाला वाचताही येत नसे. शाळेचे कारकून दर महिन्याला विचारत, "सर, हा मोर आहे का?" सर म्हणत, "मोरच आहे, पण पगार माझ्याच हातात द्या."

उंच, काटकुळे, पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक भेंडी. रोज ताजी. ठसेकामाचा तास असो नसो, भेंडी असायचीच. भेंडी आडवी कापली की तिच्या आत फूल निघतं, ते रंगात बुडवून कागदावर उमटवायचं, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत शिकवतात. पण शिकवून झाल्यावर लोक भेंडीची भाजी करतात. सरांनी तिचा धर्म केला. "भेंडी खोटं बोलत नाही," ते म्हणायचे. "वरून सगळ्या सारख्या. कापल्यावर कळतं, कुणाच्या आत कसं फूल आहे." बाजारात गेले की भाजीवालीला आधी विचारत, "मावशी, एक कापून पाहू का? पाच घरांची पाहिजे." एकदा ती वैतागून म्हणाली, "सर, भाजी कराले न्हेतंस का कुंडली बनाडाले?" सर मनापासून म्हणाले, "कुंडलीच."

त्यांच्या तासाला खोडरबर बंदी होती. चुकलेली रेघ खोडायची नाही. तिचं काहीतरी करायचं. त्यामुळे आमच्या वर्गातल्या चित्रांत माणसांपेक्षा कुत्र्यांच्या शेपट्या जास्त असत. दुसरी बंदी होती देखाव्यावर. पहिल्याच दिवशी आम्ही साठ जणांनी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या संस्काराला जागून, दोन डोंगर काढले, मधे उगवता सूर्य, खाली झोपडी, शेजारी नारळाचं झाड. सरांनी साठही वह्या पाहिल्या आणि खिडकीबाहेर बोट दाखवून विचारलं, "अमळनेरात नारळ कुठे आहे? मला आत्ताच्या आत्ता दाखवा. मी पाणी पिऊन येतो." पाणी पिऊन आले आणि म्हणाले, "आणि डोंगर म्हणजे समोसा नव्हे." त्या दिवसापासून आम्ही एसटी स्टँड काढलं, सरकीचे ढीग काढले, केळीचे घड लादलेले ट्रॅक्टर काढले, दुपारी सावलीत जीभ काढून पडलेली कुत्री काढली. त्यांना शेपट्या पुरवायला अडचण नव्हतीच.

मुलांकडे पाहायची त्यांची एक पद्धत होती. एक डोळा मिटायचा, हात लांब करायचा, अंगठा उभा धरायचा आणि अंगठ्यावरून मुलगा मोजायचा. नवीन मुलं घाबरायची. आम्हाला कळलं होतं की ते नाक मोजत नाहीत, दुसरंच काही मोजतात. काय मोजतात, ते कळायचं दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी.

कारण शाळेचा बक्षीस समारंभ सरांना मान्य नव्हता. दर वर्षी तीच तीन मुलं मंचावर जात, उतरत, पुन्हा जात. एका मुलीचा तर चढता-उतरता पाय मुरगळला होता. सर म्हणायचे, "पहिला नंबर एकाचा. मग बाकीचे एकोणसाठ काय शाळेत मेथी निवडायला येतात?" म्हणून त्यांनी स्वतःचा समारंभ सुरू केला. निरोप समारंभाच्या सकाळी, शाळेमागच्या कडुलिंबाच्या झाडाखाली, ना मंच, ना हार, ना पाहुणे. दहावीच्या प्रत्येकाला एक प्रशस्तिपत्र. विषय सरांनी वर्षभर अंगठ्यावर मोजून ठरवलेला.

कागद दुकानदारांच्या कॅलेंडरांचे. एका बाजूला महिना, दुसरी बाजू कोरी. सर गावभर फिरून जुनी कॅलेंडरं जमा करत, पानं अर्धी कापत. कामाची रीत ठरलेली होती. कापलेली भेंडी थोड्या वेळात चिकट होते, फूल बिघडतं. म्हणून आदल्या संध्याकाळी सगळ्या कागदांवर शीर्षक, सही आणि शिक्का आधी उरकायचे. मधला मजकूर दुसऱ्या दिवशी सकाळी, चित्रकलेच्या खोलीत बसून, एकेक मुलगा डोळ्यांपुढे आणून. ही रीत लक्षात ठेवा.

मजकूर काय असे? एकेक नमुना सांगतो. ‘शेजाऱ्याची शिंक येण्याआधी ओळखून वही बाजूला घेतो.’ ‘रागावल्यावर कमी बोलते.’ ‘डबा उघडण्यापूर्वी चारी बाजूंना पाहतो, कुणी उपाशी आहे का.’ हसू नका. या शेवटच्या मुलाचं आज चोपड्याच्या रस्त्यावर जेवणघर आहे, आणि तिथे शेवभाजी खाऊन कुणी अर्धपोटी उठल्याचं मी ऐकलेलं नाही.

माझा मित्र भिकन. शाळेतली एकही वस्तू त्याने न उघडता सोडली नाही. भिंतीवरचं घड्याळ, पाण्याचा नळ, हार्मोनियम. मुख्याध्यापक त्याला ‘विध्वंस’ म्हणत. सरांनी लिहिलं: ‘उघडलेली वस्तू परत बंद करतो आणि एकही स्क्रू उरत नाही.’ पाचोऱ्याला त्याचं विहिरीवरच्या पंपांच्या जळक्या मोटारी बांधायचं दुकान आहे आणि तो कागद तिथे फ्रेममध्ये आहे. गिऱ्हाईक विचारतं, "गॅरंटी काय?" भिकन हातातलं काम न सोडता मान वळवतो आणि भिंतीकडे हनुवटी करतो.

आणि जमना. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आलेली, वसतिगृहात राहणारी. पहिलं वर्षभर वर्गात एक शब्द बोलली नाही. आम्हाला वाटलं, तिला काही येत नाही. तिच्या कागदावर होतं: ‘पक्षी न पाहता आवाजावरून ओळखते.’ आम्हाला पत्ताच नव्हता. सरांना कसा लागला, तर ते म्हणाले, "तुम्ही बोलत होता, तेव्हा ती ऐकत होती. मी तिला ऐकताना पाहत होतो." पुढे जमना वनरक्षकाच्या मुलाखतीला गेली, तेव्हा फाइलीत हा कागदही लावला. साहेबांनी तो उलटसुलट करून विचारलं, "हा शिक्का कोणत्या मंडळाचा?"

"भेंडीचा, साहेब."

साहेबांनी परीक्षा म्हणून खिडकीकडे कान दिला. बाहेरून बारीक, लांबट चिवचिव येत होती. "बरं, हा कोणता पक्षी?"

जमनाने क्षणभर ऐकलं. "ही तुमच्या शिपायाची सायकल आहे, साहेब. मागच्या चाकाला तेल पाहिजे."

नोकरी तिला तिच्या गुणांवरच मिळाली, असं ती आग्रहाने सांगते. मिळालीच असणार. पण ती हेही सांगते की बाहेर पडताना साहेबांनी शिपायाला हाक मारली होती.

हे सगळं सुखासुखी चालत होतं, असं मात्र समजू नका. मुख्याध्यापकांना हा समारंभ म्हणजे शाळेचा अपमान वाटे. एकदा त्यांनी सरांना कार्यालयात बोलावलं. मी तेव्हा दाराबाहेर अंगठे धरून उभा होतो, माझ्या स्वतःच्या कारणासाठी, त्यामुळे हा प्रसंग मी उलटा पाहिला आहे. पण ऐकला सरळ आहे.

"अनधिकृत प्रमाणपत्रं वाटता तुम्ही. शिक्का मारून! तो शिक्का जमा करा. आत्ता."

सरांनी खिशातली भेंडी काढली आणि टेबलावर ठेवली.

मुख्याध्यापकांनी ती खणात ठेवून कुलूप लावलं. खरंच लावलं. तीन दिवसांनी खण उघडला तेव्हा शिक्क्याला बुरशी आली होती, आणि सरांच्या खिशात नवा होता. पुढच्या निरोप समारंभाच्या सकाळी सर लिंबाखाली साठाऐवजी एकसष्ट कागद घेऊन आले. एकसष्टावा स्वतः जाऊन मुख्याध्यापकांच्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं: ‘प्रार्थनेला मुलांना सावलीत उभं करून स्वतः उन्हात उभे राहतात, आणि हे कुणाच्या लक्षात येऊ देत नाहीत.’ खानदेशातलं मार्च महिन्यातलं ऊन ज्यांनी डोक्यावर घेतलंय, त्यांनाच या वाक्याचं वजन कळेल. मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि "हं" म्हणाले. निवृत्त होईपर्यंत तो कागद त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होता, आणि लिंबाखाली दर वर्षी त्यांची खुर्ची.

आता माझ्याकडे येतो. थोडं सावरून बसा.

मी जळगावात एका बँकेत नोकरी करतो, पण मला ओळखतात ते माइकमुळे. सत्कार, संमेलनं, गणेश मंडळाचे कार्यक्रम, शाळांचे निरोप समारंभ. पाहुणे उशिरा येणार असले की मला बोलावतात. पाहुणे आलेच नाहीत तरी कुणाच्या लक्षात येत नाही, अशी माझी कीर्ती आहे. शाळेतही मी बोलतच असे. बाकावर, बाकाखाली, अंगठे धरूनसुद्धा.

आमच्या निरोप समारंभाच्या सकाळी मी लवकर गेलो आणि चित्रकलेच्या खोलीत डोकावलो. सर कागदांचा गठ्ठा घेऊन लिहीत बसले होते. मला आत बोलावलं. म्हणाले, "बस, पण बोलू नकोस." हे म्हणजे नदीला वाहू नकोस म्हणण्यासारखं. दोन मिनिटं मी गप्प बसलो आणि मग त्यांना आदल्या आठवड्यातली हकीकत सांगायला घेतली: माझ्या मामाची म्हैस पाचोऱ्याच्या स्टेशनवर पॅसेंजरच्या डब्यात कशी चढली. मामा तिला बाजारातून घरी नेत होता, ती बिथरली, फलाटावर घुसली, आणि समोर दार उघडं दिसलं तशी थेट आत. मी उठून म्हैस करून दाखवली, मामा करून दाखवला, तिकीट तपासनीस करून दाखवला. म्हैस डब्याच्या मधोमध अडकली होती, मामा शेपटी ओढत होता, गार्डाने शिट्टी तोंडात धरली होती, आणि एवढ्यात शाळेची घंटा झाली. सर दचकून उठले, गठ्ठा उचलला, आणि आम्ही लिंबाकडे पळालो.

एकेक नाव पुकारलं गेलं. माझं सर्वांत शेवटी. मी छाती काढून गेलो, कागद घेतला, आणि पाहतो तर मधे काहीच नाही.

सर हात जोडून सगळ्यांचा निरोप घेत होते. विचारायचं धाडस झालं नाही. पंधरा वर्षांच्या पोराला एवढंच कळत होतं: ज्या माणसाला शिंकेतसुद्धा गुण दिसतो, त्याला माझ्यात काही दिसलं नाही.

भिकनने माझ्या खांद्यावरून पाहिलं. "तुझ्यात काहीच सापडलं नाही वाटतं रे सरांना."

आणि त्या क्षणी माझ्या तोंडून, मला न विचारता, उत्तर निघालं: "माझं एका कागदात मावलं नाही, म्हणून कोरा दिलाय."

झालं. पस्तीस वर्षं त्या वाक्यावर मी उभा आहे. आधी ते उत्तर होतं, मग किस्सा झाला, मग भाषण. दर निरोप समारंभाला मी तो कागद उंच धरतो, आवाज खाली आणतो. "मुलांनो, माझ्या गुरूंनी सगळ्यांना त्यांचा गुण लिहून दिला. मला मात्र कोरा कागद दिला. म्हणाले, जा, तुझं तू लिही!" सर असं काहीही म्हणाले नव्हते. कागदाच्या मागे मे महिन्याचा अर्धा भाग आहे, आणि एका तारखेभोवती लाल गोल. तोही मी सोडला नाही. कागद उलटा करून दाखवतो, "आणि मागे पाहा, एक तारीख! तुझा दिवस येईल, ही गुरूंची खूण!" पालकांच्या डोळ्यांत पाणी येतं. पारोळ्याला एकदा एक मुख्याध्यापिका हुंदके देऊन रडल्या. मी घरी येतो, कागद डब्यात ठेवतो, आणि झाकण लावता लावता भिकनचं वाक्य दर वेळी ऐकू येतं.

गेल्या महिन्यात आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर स्नेहमेळाव्याचं ठरलं. प्रत्येकाने आपलं प्रशस्तिपत्र आणायचं, सगळी एका भिंतीवर लावायची. भिकनचा निरोप आला, आवाजी, पूर्ण गटाला: "भो, तुना कागद जरूर आनजो! कोरा शे ना, हजेरी लिखाले कामे येई!" खाली अठ्ठावीस हसरे चेहरे. जमनासुद्धा हसली होती.

मी सगळ्यांच्या आधी हसलो. मग रात्रभर कूस बदलली आणि सकाळी डबा काखेत मारून धुळ्याची एसटी पकडली. सर निवृत्तीनंतर तिकडेच राहतात. पस्तीस वर्षांत पन्नास वेळा धुळ्याला गेलो असेन. त्यांच्या दारात कधी गेलो नव्हतो. जाणार कसा? विचारलं आणि त्यांनी ‘काही सापडलं नव्हतं’ म्हटलं, तर भाषणाचं काय, आणि माझं काय?

दार अक्कांनी उघडलं. सरांच्या पत्नी, सगळी शाळा त्यांना अक्काच म्हणे. सर ओसरीवर बसले होते. ऐंशी ओलांडलेले, केस गेलेले, खिशात भेंडी. त्यांनी एक डोळा मिटला, अंगठा उभा केला. "नाक तेच आहे," म्हणाले, आणि माझं नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट.

मी कागद काढला. आणि काय सांगू, घाबरलो की मी भाषण करतो. ओसरीवर उभं राहून सगळं भाषण केलं. आवाज खाली, हात वर, ‘तुझं तू लिही’, कागद उलटा, लाल गोल, सगळं. सर भान हरपून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"वा! फार सुंदर." मग कागद हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. "पण अरे, हा तर माझा भरायचा राहिला होता."

"राहिला होता?"

"राहिला. शिक्का मारून झाला होता, सही झाली होती. मजकूर राहिला."

अक्का चष्मा पुसत पुढे आल्या, कागद उलटा केला आणि कडाडल्या, "हाई तं मन्हं कॅलेंडर शे! चालू सालनं!" त्या माझ्याकडे वळल्या. "जुने कागद कमी पडले म्हणून यांनी भिंतीवरचं कापलं. त्या वर्षी आमच्या घरात मे महिनाच नव्हता! हा लाल गोल माझ्या भाचीच्या लग्नाचा. आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. मांडव सोडत होते!"

गुरूंची खूण अशी निघाली. पारोळ्याच्या बाई उगाच रडल्या.

मी खाली बसलो. "सर," मी म्हणालो, "खरं सांगा. माझ्यात काही सापडलं नव्हतं, म्हणून राहिला का?"

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी डोंगराच्या जागी समोसा काढला होता. "वेडा आहेस का? सगळ्यांत सोपा तूच होतास. तुझं आठवीतच ठरलं होतं. सोपा म्हणून शेवटी ठेवला. भिकनचा लिहून झाला, तुझा कागद पुढे ओढला, पेन शाईत बुडवलं... आणि तू म्हशीचं सुरू केलंस." ते हसायला लागले. "हातात पेन तसंच. शाई वाळली. घंटा झाली."

पस्तीस वर्षं ज्या मधल्या जागेला मी भीत होतो, ती मीच कोरी ठेवली होती. तोंडाने.

"आण इकडे," सर म्हणाले. अक्कांनी पाट दिला, दौत दिली. हात म्हातारा झाला होता, अक्षर नव्हतं. सर एकेक शब्द मोठ्याने उच्चारत लिहू लागले. आधी माझं नाव. मग: ‘हा गोष्ट सांगू लागला, की ऐकणाऱ्याच्या हातातलं काम...’

माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं वरचं बटण सुटलं. भिकन, थांब. लाव म्हणावं भिंतीवर, मधोमध लाव!

‘काम’ या शब्दावर पेन थांबलं. सरांनी मान वर केली. चेहऱ्यावर एकदम चौथीतल्या पोराचं कुतूहल.

"का रे," ते हळूच म्हणाले, "ती म्हैस उतरनी का शेवट?"

"उतरते कसली!" मी उठलोच. "गार्डाने शिट्टी वाजवली, मामाने शेपटी सोडली, आणि गाडी हलली! मामा फलाटावर, म्हैस गाडीत! आता तिकीट तपासनीस असा पुढे आला," मी तपासनीस झालो, "आणि म्हशीने त्याच्याकडे असं पाहिलं," मी म्हैस झालो. सरांचे डोळे माझ्यावर खिळले होते, तोंड उघडं होतं, पेन हवेत होतं, आणि त्याच्या टोकावरची शाई वाळत चालली होती. दोन्ही हात कमरेवर ठेवून अक्का एकदा माझ्याकडे, एकदा कागदाकडे पाहत होत्या. आणि त्यांच्या तोंडून एकदम निघून गेलं:

"आहो, आधी लिखी टाका ना, मंग आयका! नहीं ते परत ऱ्हाई जाई!"